दार बंद, तिकीटविक्री सुरूच : ब्रिटनचा ‘केअर व्हिसा’ आणि आपल्या वस्त्या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आजही एक जाहिरात फिरताना दिसते. ‘यूकेमध्ये केअर असिस्टंटची नोकरी. इंग्रजीची परीक्षा नाही. कुटुंबासह व्हिसा. पाच वर्षांत पीआर.’ खासगी दवाखान्यांत आणि नर्सिंग होममध्ये आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या आपल्या बहिणींपर्यंत, आयटीआय करून कंत्राटी कामावर असलेल्या आपल्या भावांपर्यंत ती रोज पोहोचते.

खरी गोष्ट अशी आहे की ब्रिटन सरकारने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणे बंद केले आहे. वृद्धांची आणि आजारी माणसांची घरी किंवा केअर होममध्ये देखभाल करण्याच्या कामासाठी आज अंबरनाथहून थेट अर्ज करताच येत नाही. तरीही पैसे घेतले जात आहेत. म्हणूनच या नियमांची नीट उकल करणे आम्हाला गरजेचे वाटते. परदेशी जाणाऱ्याला थांबवणे हा आमचा हेतू नाही. बाबासाहेब स्वतः न्यूयॉर्क आणि लंडनला शिकले, तेव्हा समुद्रापलीकडे जाऊ नका असे या समाजाला कोणी सांगू नये. पण कोणत्या कागदावर जातो आहोत, हे जाणाऱ्याला कळलेच पाहिजे.

एका आईची पिशवी

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात एक आई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. मुलीने सहा महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स केलेला, नोकरी एका छोट्या दवाखान्यात. एजंटाने बारा लाख सांगितले होते. चार लाख देऊन झाले होते. त्यातले दोन लाख बचत गट आणि पतपेढीचे, उरलेले दागिने मोडून. पैसे दिल्याची तारीख ऑगस्ट २०२५, म्हणजे दार बंद झाल्यानंतरची.

पिशवीत एका केअर कंपनीचे ऑफर लेटर होते, त्या कंपनीच्या नोंदणीची झेरॉक्स होती आणि ‘फाइल चार्ज’ची पावती होती. आम्ही ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर जाऊन परवानाधारक मालकांची यादी उघडली. कंपनीचे नाव त्या यादीत होते! आईचा चेहरा उजळला. तिला पुढचे सांगणे आम्हाला जड गेले. कंपनी खरी होती, तिच्याकडे परवानाही होता, पण त्या परवान्यावर भारतातून नवी केअर वर्कर नेण्याची मुभाच राहिली नव्हती. एजंट मात्र हीच यादी दाखवून लोकांचा विश्वास मिळवत होता.

दुसऱ्या दिवशी विहारातले पंधराजण त्या आईसोबत एजंटाच्या ऑफिसात गेले. दीड लाख परत मिळाले. उरलेल्या अडीच लाखांसाठी पोलिसांत तक्रार दिली आहे. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोच आहे.

स्पॉन्सर म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा माणसाला एकट्याला मिळत नाही. आधी तिथल्या मालकाने गृह मंत्रालयाकडून स्पॉन्सर परवाना घ्यावा लागतो. मग तो मालक एका ठरावीक माणसासाठी, ठरावीक कामासाठी, ठरावीक पगारावर एक इलेक्ट्रॉनिक नोंद करतो. तिला ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ म्हणतात, एजंटांच्या भाषेत ‘सीओएस’. या नोंदीचा क्रमांक असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही. ऑफर लेटर म्हणजे सीओएस नव्हे, कंपनीच्या नोंदणीची झेरॉक्सही नव्हे.

या नोंदीचा खर्च मालकाचा असतो. एप्रिल २०२५ पासून ती फी ५२५ पौंड आहे, म्हणजे आजच्या भावाने साधारण साठ हजार रुपये. ३१ डिसेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार ही फी आणि परवान्याची फी मालकाने कामगाराकडून वसूल करायची नाही. परदेशी कामगार ठेवण्यासाठी सरकारला भरावा लागणारा वेगळा ‘स्किल्स चार्ज’ही कामगाराच्या माथी मारता येत नाही. मग आपल्याकडे ‘सीओएसचे आठ लाख, दहा लाख’ कशाचे घेतले जातात? मालकाने साठ हजारांत करायची आणि कामगाराला विकता न येणारी नोंद इथे लाखांना विकली जाते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

केअर वर्करसाठी हा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला. कोरोनानंतर तिथे माणसांचा तुटवडा होता. मागणी वाढली तसे नावापुरते काम असलेल्या कंपन्यांनीही परवाने घेतले. माणसे तिथे पोहोचली आणि अनेकांना कळले की कामच नाही, किंवा सांगितलेल्या तासांच्या निम्मेही काम नाही. ब्रिटन सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार जुलै २०२२ नंतर केअर क्षेत्रातील ४७० हून अधिक परवाने रद्द झाले आणि त्या मालकांशी जोडलेल्या कामगारांची संख्या ३९ हजारांहून अधिक होती.

परवाना रद्द झाला की शिक्षा मालकाला आणि झळ कामगाराला, असा हा नियम आहे. सामान्यतः कामगाराला ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. इथे आईच्या नावावर कर्ज उभे आणि तिथे ६० दिवसांचे घड्याळ चालू. अशा स्थितीत कोणता कामगार मालकाविरुद्ध तोंड उघडेल?

मग एकामागून एक दरवाजे बंद होत गेले. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला कुटुंब नेण्यास बंदी आली. २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवी भरतीच थांबली. त्याच दिवसापासून इतर कुशल कामांसाठीही पदवीच्या पातळीचे काम आणि सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार अशी अट आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्यासाठीचा काळ वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या कामांसाठी, केअर वर्करसह, १५ वर्षांची गोष्ट होती. ‘कुटुंबासह, पाच वर्षांत पीआर’ ही जाहिरात या सगळ्यासमोर ठेवून वाचावी.

वतन आठवा

या व्यवस्थेत सर्वात गंभीर गोष्ट फी नाही, बांधिलकी आहे. व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. मालक बदलायचा तर नवा परवानाधारक मालक, नवी नोंद आणि नवा अर्ज लागतो.

आपल्या समाजाला हे नवे नाही. महार वतनात आपल्या आजे-पणजांना सरकारच्या कामासाठी चोवीस तास बांधून ठेवले होते. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. कामावर असलेला माणूस हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाई. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. त्याआधीच संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली होती.

स्पॉन्सर व्हिसा म्हणजे वतन, असे आम्ही म्हणत नाही. तिथे पगार आहे, कायदा आहे, न्यायाधिकरण आहे. पण माणसाचे जगणे एकाच मालकाच्या मर्जीला बांधले की काय होते, हे ओळखण्याची नजर आपल्याला वतनाने दिली आहे. ब्रिटनमधील ‘युनिसन’ ही मोठी कामगार संघटना एका मालकाऐवजी संपूर्ण केअर क्षेत्रासाठी व्हिसा द्या, अशी मागणी करते. कामगार क्षेत्रात राहील, पण मालक बदलू शकेल. आंबेडकरी तरुणांनी या मागणीच्या पाठीशी उभे राहायला हवे.

आखाती देशांचा अनुभवही तेच सांगतो. ‘कफाला’ पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, सौदी अरेबियाने २०२१ पासून ती बरीच सैल केली. म्हणजे हे नियम निसर्गाने केलेले नाहीत. दबाव आला की बदलतात.

जात व्हिसा मागत नाही

अनेक घरांत असे बोलले जाते की ‘मालक आपल्याच देशातला आहे, सांभाळून घेईल.’ या भरवशावर आम्ही एक प्रकरण मांडतो. बिहारमधून ब्रिटनला नेलेल्या एका आदिवासी महिलेने मूळ भारतीय कुटुंबाच्या घरी साडेचार वर्षे घरकाम केले. दिवसाला अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस. पासपोर्ट मालकाकडे होता. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायाधिकरणाने सांगितले की जात ही ‘वांशिक मूळ’ या व्याख्येत येऊ शकते, म्हणून तिच्या दाव्यातील जातीचा मुद्दा फेटाळता येणार नाही. २०१५ मध्ये तिला थकलेल्या किमान वेतनापोटी १,८३,७७३ पौंड देण्याचा आदेश झाला.

२०१८ मध्ये ब्रिटन सरकारने जातीविरुद्ध वेगळा कायदा न करता न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवायचे ठरवले. त्यामुळे तिथे जातीचा छळ झाला तर कायद्याचा आधार आहे, पण तो लढून मिळवावा लागतो. ज्याचा व्हिसा छळ करणाऱ्याच्याच हातात आहे त्याला ही लढाई किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

एजंट ‘जयभीम’ म्हणतो तेव्हा

आता एक कडू गोष्ट. आपल्या वस्त्यांत पैसे गोळा करणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा नसतो. तो आपल्याच आळीतला असतो, भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो, विहाराला वर्गणी देतो. वर कुणी मोठा एजंट असतो आणि हा प्रत्येक नावामागे कमिशन घेतो. म्हणूनच लोक कागद न वाचता पैसे देतात.

भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापार आहे. सम्यक आजीविका म्हणजे फक्त दारू न विकणे नव्हे. बंद झालेल्या दाराचे तिकीट आपल्याच बहिणीला विकणारा माणूस कितीही मोठ्याने जयभीम म्हणत असला तरी त्याला जाब विचारला पाहिजे. आणि विहार समितीने त्याची वर्गणी घेताना ती कुठून आली, हे विचारले पाहिजे.

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचे नोंदणी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. दुकानाचा गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक किंवा ‘कन्सल्टन्सी’ची पाटी म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. नोंदणीकृत एजंटालाही कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. बारा लाख कुठल्याच नियमात बसत नाहीत.

नोंदणी असलेले आणि नसलेले एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतात. या कायद्याची अंमलबजावणी पाहणारे उत्प्रवासी संरक्षक कार्यालय आपल्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० असा आहे.

या कायद्यात एक मोठी फट आहे. दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. त्या वेळी करार तपासला जातो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवला जातो. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही आणि ब्रिटन तर या १८ देशांत नाहीच. म्हणजे बारावी होऊन कोर्स केलेली आपली बहीण लंडनला निघते तेव्हा तिचा करार आपल्या बाजूने कोणीही तपासत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे बघेल, असे कायद्याने गृहीत धरले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने या जुन्या कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. शिक्षण कितीही असो, प्रत्येकाच्या कराराची तपासणी आणि फसवणूक झाल्यास पैसे परत मिळण्याची सोय त्यात असली पाहिजे, हा आग्रह आपल्या प्रतिनिधींनी धरायला हवा.

मग उघडे काय आहे?

सर्व दारे बंद नाहीत. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि भारतात नोंदणी असलेल्या परिचारिकांना ब्रिटनचा मार्ग आजही आहे. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची संगणकावरची आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. इंग्लंडच्या आरोग्य भरतीच्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायची नाही. फी मागितली की तिथेच थांबावे.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. जर्मनीला जायचे तर भाषा शिकावी लागते आणि आपल्या शिक्षणाला तिथे मान्यता घ्यावी लागते. यात सहज वर्ष-दीड वर्ष जाते. करार झाला म्हणजे नोकरी लागली असे नव्हे. पण इलेक्ट्रिशियन, फिटर, परिचारिका झालेल्या आपल्या मुलांनी भाषेत घातलेला वेळ वाया जात नाही. तो एजंटाला दिलेल्या पैशासारखा बुडत नाही.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे नियम आधीच वाचावेत. ब्रिटनमध्ये पदवीनंतर काम करण्यासाठी दोन वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांवर पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. त्यानंतर राहायचे तर स्पॉन्सर लागतो आणि नवख्यांसाठीही पगाराची अट वर्षाला ३३,४०० पौंडांची आहे.

जे आधीच तिथे केअर वर्कर आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये. तिथे असलेल्यांना अटी पाळून जुलै २०२८ पर्यंत मालक बदलून त्याच कामात राहण्याची मुभा दिलेली आहे. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधील केअर मालकांनी आधी अशा अडकलेल्या कामगारांना काम देण्याचा प्रयत्न करायचा आहे. पगाराच्या पावत्या, ड्यूटीचे तक्ते, मालकाचे संदेश जपून ठेवावेत आणि कामगार संघटनेचे सभासद व्हावे.

विहाराने काय करावे

हा प्रश्न इथल्या रोजगाराचा आहे, हे विसरून चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या गेल्या. अंबरनाथच्या ज्या कारखान्याने आपल्या एका पिढीला कायम नोकरी, क्वार्टर आणि पेन्शन दिले, तिथे आज मुलाला अप्रेंटिसशिपनंतर काय, याचे उत्तर नाही. एमआयडीसीत कंत्राटदार आहे. घरातली मुलगी पहाटेची लोकल पकडून बारा तासांच्या पाळीला जाते. अशा घरात कोणी ‘महिना दोन लाख’ म्हटले तर त्या घराला हावरट म्हणणे अन्याय आहे.

म्हणून आम्ही तिन्ही शहरांतील विहार समित्यांना आणि तरुण मंडळांना एक साधे काम सुचवतो. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर एक तास, कागद तपासणीचे टेबल लावा. एक मोबाईल आणि इंग्रजी वाचणारी दोन मुले पुरेत. चार प्रश्न विचारायचे. एजंटाचे नाव ई-मायग्रेटवर आहे का? ज्या कामासाठी नेतात, तो मार्ग आज खुला आहे का? सीओएस क्रमांक मिळाला आहे का आणि त्यावरचे काम व पगार बोलण्याप्रमाणे आहे का? पैसे कशाचे, आणि पावती कुणाच्या नावाची? चारपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही तर पैसे द्यायचे नाहीत. दिले असतील तर एकट्याने फेऱ्या मारायच्या नाहीत, सर्वांनी मिळून जायचे.

त्या आईने पैसे देण्याआधी कुणाला तरी कागद दाखवायला हवे होते. आमच्याकडे तेव्हा तसे टेबलच नव्हते. आता लावले आहे. तुमच्या विहारात अजून लावले नसेल, तर येत्या रविवारी समितीसमोर हा विषय ठेवा.

जयभीम, नमो बुद्धाय.